डायलॉग बॉक्समधली अक्षरं अवाढव्य झाली? या चुका टाळा

विंडोजमध्ये फाइल बंद करताना ‘बदल सेव्ह करायचे का?’ एवढाच प्रश्न येतो आणि अर्धा स्क्रीन व्यापून बसतो. मेनू ठीक, आयकॉन ठीक, फक्त त्या चौकटीतली अक्षरं फुगलेली. मग माणूस हाताला लागेल ते सेटिंग फिरवत सुटतो. मूळ दोष बहुतेक वेळा एकाच जागी असतो. घाईघाईच्या उपायांनी तो चार ठिकाणी पसरतो, आणि मग सुरुवात कुठून झाली हे शोधण्यातच निम्मा वेळ जातो.

दुखणं कुठलं हे न बघता उपाय करणं

ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. अक्षरं सगळीकडे मोठी आहेत की एकाच प्रोग्रॅममध्ये, हे आधी बघा. मी विंडोज की आणि आर दाबून ‘रन’ उघडतो, काहीतरी निरर्थक टाइप करतो आणि एंटर मारतो. ‘सापडलं नाही’ असा संदेश येतो. तो नेहमीच्या आकाराचा असेल, तर विंडोजची सेटिंग्ज सोडून द्या. गडबड त्या एका प्रोग्रॅमची आहे.

हे न केल्याने काय होतं ते मी एका छोट्या ऑफिसात पाहिलंय. तिथे हिशेबाच्या एका जुन्या प्रोग्रॅमच्या चौकटींत अक्षरं मावत नव्हती. बाकी सगळं व्यवस्थित होतं. कुणीतरी इंटरनेटवरून ‘फॉन्ट पूर्ववत करा’ अशी रेजिस्ट्रीची (विंडोज आपली सेटिंग्ज जिथे साठवतं ती जागा) तयार फाइल उतरवली आणि डबल-क्लिक करून मोकळा झाला. आता विंडोज संदेशाचा फॉन्ट रेजिस्ट्रीत ‘विंडो मेट्रिक्स’ या शाखेत ‘मेसेज फॉन्ट’ नावाने ठेवतं, आणि तिथे उंची पिक्सेलमध्ये असते. मूळ फॉन्ट सेगो यूआय, ९ पॉइंट. स्केल, म्हणजे स्क्रीनवरचं सगळंच किती मोठं दाखवायचं ते प्रमाण, १०० टक्के असेल तर ही उंची १२ पिक्सेल होते, १२५ टक्क्यांना १५ आणि १५० टक्क्यांना १८. ती फाइल १५० टक्के स्केलच्या लॅपटॉपवर बनवलेली होती आणि ऑफिसातल्या मशीनचं स्केल त्याहून कमी होतं. पुन्हा लॉगिन केल्यावर प्रत्येक संदेश मोठा झाला, मेनू आणि टायटल बारही सुजले. स्क्रीन १३६६ बाय ७६८ चा, त्यामुळे लांब संदेशांची बटणं खाली कडेबाहेर गेली. काम करणारी मुलगी बटण न दिसता एंटर मारायला लागली. एका संदेशात आधीपासून निवडलेलं बटण ‘हो’ होतं आणि प्रश्न होता नोंदी पुसण्याचा. बॅकअप होता म्हणून निभावलं.

अनोळखी माणसाची रेजिस्ट्री फाइल चालवणं हा मला अजिबात न पटणारा शॉर्टकट आहे. चालवणाऱ्याला त्यात काय लिहिलंय ते ठाऊक नसतं, आणि आधीची प्रतही त्याने ठेवलेली नसते. मी आधी विंडो मेट्रिक्सची शाखा एक्सपोर्ट करून ठेवतो. मग त्याच मशीनवर नवं युजर अकाउंट उघडतो, स्केल तेवढंच आहे ना ते बघतो, आणि तिथली फॉन्टची मूल्यं उचलतो. ती त्याच मशीनची, त्याच स्केलची असतात. थोडा वेळ जातो, पण अंदाजपंचे काही राहत नाही.

आणि मुळातला तो जुना प्रोग्रॅम? तो सुरू करणाऱ्या एक्झी फाइलवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’. खालच्या चौकोनात टिक करून ‘सिस्टम (एन्हान्स्ड)’ निवडलं आणि अक्षरं चौकटीत बसली. मग चौकट आणि अक्षरं दोन्ही मोठी करण्याचं काम विंडोज स्वतःकडे घेतं, म्हणून प्रमाण बिघडत नाही. हे जमलं नाही तर साधं ‘सिस्टम’ निवडून बघा. किंचित धूसर दिसेल, पण बटणं जागेवर येतील.

स्केल आणि टेक्स्ट साइझ एकच समजणं

डिस्प्लेमधलं स्केल सगळंच मोठं करतं. विंडोज ११ मध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली असलेला टेक्स्ट साइझचा स्लायडर फक्त अक्षरं मोठी करतो, १०० पासून २२५ टक्क्यांपर्यंत. दोन्ही वाढवले की परिणाम एकावर एक चढतो. मी स्लायडर आधी १०० वर आणतो आणि मगच स्केलला हात लावतो. एका वेळी एकच बदल, दरवेळी साइन आउट. साइन आउट न करता ‘काही फरक पडला नाही’ म्हणत पुढचं सेटिंग बदलणाऱ्यांनी माझे कितीतरी तास खाल्लेत.

रिझोल्यूशन बदलणं. करू नका. एलसीडी पडदा त्याच्या मूळ रिझोल्यूशनलाच स्पष्ट दिसतो, आणि कमी केलं तर अक्षरं आणखीच मोठी होतात.

कस्टम स्केलिंगमध्ये मनाला येईल तो आकडा टाकणं. १०० ते ५०० मधला कुठलाही चालतो, पण जुने प्रोग्रॅम ११३ सारख्या आकड्याला हमखास गडबडतात. यादीतलाच घ्या.

हौसेखातर विंडोजचा फॉन्ट बदलणं

रेजिस्ट्रीतून सेगो यूआयच्या जागी आवडीचा फॉन्ट बसवणारे बरेच आहेत. जुन्या पद्धतीच्या डायलॉग बॉक्सचा आकार पिक्सेलमध्ये ठरलेला नसतो, तो फॉन्टवरून ठरणाऱ्या एककांत मोजतात. आडवी चार एककं म्हणजे फॉन्टच्या अक्षराची सरासरी रुंदी, उभी आठ म्हणजे त्याची उंची. रुंद फॉन्ट बसवला की चौकटच फुगते. मूळ फॉन्ट परत आणा, दुसरा उपाय नाही.

बटण दिसत नाही म्हणून एंटर मारणं

वर सांगितलं तेच होईल. ऑल्ट आणि स्पेस दाबा, मग एम, आणि बाणांनी खिडकी वर सरकवा. संदेश वाचता येत नसेल तर साध्या संदेशाच्या चौकटीत कंट्रोल-सी दाबून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मजकूर आणि बटणांची नावंसुद्धा येतात. हे फार थोड्यांना माहीत आहे.

दोन मॉनिटर वेगवेगळ्या स्केलवर असतील, तर जुना प्रोग्रॅम लॉगिनच्या वेळच्या मुख्य मॉनिटरचं माप धरून बसतो आणि दुसऱ्यावर बेढब दिसतो. ज्यावर काम करता तो मॉनिटर मुख्य ठरवा, साइन आउट करून परत या.