कुत्रा आधी, संशोधक नंतर: मातीच्या बाहुल्यांचा विनोदी सिनेमा घरी कसा करायचा

संशोधक, त्याचा कुत्रा आणि एक बिघडणारं यंत्र, एवढ्या भांडवलावर घरातल्या टेबलावर सिनेमा करायचा असेल तर सुरुवात कुत्र्यापासून करा. पोरं आधी यंत्राच्या मागं लागतात. लागणारच, चाकं आणि दोऱ्या दिसल्या की हात शिवशिवतात. माझी हयात सोलापुरात मागांची जॉबरकी, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवण्याचं काम, करण्यात गेली, यंत्राचं वेड काय असतं ते मला ठाऊक आहे. तरी सांगतो, नुसतं यंत्र बिघडलं म्हणून कुणी हसत नाही. ते बिघडणार हे कुत्र्याला कळलंय आणि मालकाला अजून कळलेलं नाही, याला लोक हसतात.

संशोधक वॉलेस आणि त्याचा कुत्रा ग्रोमिट ही मातीच्या बाहुल्यांची जोडी ज्यांनी घडवली ते निक पार्क विद्यार्थी होते तेव्हाची गोष्ट. १९८२ साली फिल्म स्कूलमध्ये त्यांनी या जोडीचा पहिला सिनेमा हाती घेतला आणि तो पुरा होऊन लोकांपुढं आला १९८९ साली. ग्रोमिटला बोलता करायचं असा मुळात विचार होता. काम सुरू झाल्यावर त्यांना दिसलं की नुसती भुवई सरकवली तरी कुत्र्याच्या मनातलं सगळं कळतं. मग बोलणं गेलं ते गेलंच. २०२४ च्या सिनेमापर्यंत ग्रोमिट एक शब्द बोललेला नाही, आणि तरी घरात शहाणा कोण हे लहान पोरालाही कळतं. घरी करणाऱ्याची यात मोठी सोय आहे. दोन पात्रांपैकी एकाचेच ओठ जुळवायचे.

आता माती. शाडू नको, कणीक नको, हवेत सुकणारी क्लेसुद्धा नको. ती वाळते, तडकते आणि दुसऱ्या दिवशी कुत्रा आदल्या दिवशीचा राहत नाही. तेलात मळलेली, कधीच न सुकणारी माती पाहिजे. नवी पेठेतल्या स्टेशनरीच्या दुकानात प्लास्टिसिन किंवा मॉडेलिंग क्ले म्हणून मागा आणि पाकीट दाबून बघा, बोट रुतलं पाहिजे. कुत्रा भुरा किंवा तांबूस करा. पांढऱ्या मातीवर हाताचा मळ लगेच चढतो आणि पडद्यावर कुत्रा सीनगणिक काळा होत जातो. बोटांचे ठसे उमटले तर पुसत बसू नका. आर्डमन या वॉलेस-ग्रोमिटच्या स्टुडिओच्या सिनेमांतही ते दिसतात, आणि बाहुलीला माणसाचा हात लागलाय हे त्यातूनच जाणवतं.

आत सांगाडा हवा. पोरांच्या हाताशी बांधकामाची बाइंडिंग तार असते, ती वापरू देऊ नका. ती वाकवली की थोडी मागं येते आणि ठरवलेली मुद्रा सुटते. मोटार रिवायंडिंगवाल्याकडं अ‍ॅल्युमिनियमची मऊ तार मिळते. तिचे दोन पदर घ्या, एक टोक खिळ्याला अडकवा, दुसरं हातड्रिलच्या तोंडात धरा आणि सावकाश पीळ द्या. पीळ फार बसला तर तार कडक होऊन लवकर तुटते. छाती आणि कंबर एम-सीलनं घट्ट करा. गुडघे, कोपर, मान मोकळी ठेवा. डोक्यात माती भरू नका, थर्माकोलचा गोळा घालून वर मातीचा पातळ थर द्या, नाहीतर मान लवते. पायाच्या तळव्यात एम-सीलमध्ये छोटा नट बसवा आणि टेबलाच्या प्लायला भोकं पाडून खालून बोल्ट आवळा. बाहुली एका पायावर उभी राहिली तरच ती चालते, आणि ते या बोल्टाशिवाय होत नाही. संशोधक साधारण अठरा सेंटीमीटरचा आणि बसलेला कुत्रा दहाचा, हे माप टेबलाला आणि हाताला सोयीचं पडतं.

कुत्र्याचे डोळे म्हणजे माळेचे दोन पांढरे मणी. मण्याचं भोक काळं करा, तीच डोळ्यातली बाहुली. भोकात टाचणीचं टोक घालून मणी फिरवला की नजर फिरते, मातीला हात लावावा लागत नाही. मणी अगदी जवळजवळ बसवा. वर भुवई म्हणून मातीची एकच जाड वळकटी, दोन्ही डोळ्यांवरून सलग. ही वळकटी हा सगळा अभिनय. मधोमध मिलिमीटरभर खाली दाबली की राग, दोन्ही टोकं खाली आणली की काळजी, एकच टोक वर गेलं की ‘आता बघा काय होतंय’. नातीला मी आठवडाभर दुसरं काही करू दिलं नाही. फक्त डोकं, मणी आणि वळकटी. ती म्हणायची, “आबा, यंत्र कधी?” मी म्हणायचो, “आधी याला विचार करता येऊ दे.”

गोष्ट छोटीच घ्या. सेकंदाला बारा चित्रं धरा. सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रांनी चालतो, पण एक मुद्रा दोनदा दाखवली तरी डोळ्याला चालतं. म्हणजे एका मिनिटाला ७२० वेळा बाहुली हलवायची. मोठ्या स्टुडिओतल्या कसलेल्या अ‍ॅनिमेटरच्या हातूनही दिवसाकाठी काही सेकंदच होतात. पहिल्या वेळी चाळीस सेकंद पुरे, ४८० चित्रं.

आमची गोष्ट सांगतो, म्हणजे तुमची कशी बांधायची ते कळेल. मल्लूअण्णा नावाचा संशोधक, त्याचा कुत्रा वाघ्या. अण्णानं कडक भाकरी करायचं यंत्र बनवलंय आणि ते चालतं जकार्डच्या कार्डांवर. सोलापुरात ज्यांच्या घरी चादरीचे माग होते त्यांना ही भोकांची पुठ्ठ्याची कार्डं माहीत आहेत. भोक असलं की सुई आत जाते आणि ताण्याचा, म्हणजे उभ्या सुतातला, तो दोरा उचलला जातो, भोक नसलं की दोरा खालीच राहतो. फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या जकार्डनं १८०४ साली काढलेली ही युक्ती, तिच्यावर आपल्या चादरीतले मोर नाचले. तर अण्णाच्या भाकरीच्या कार्डांत चादरीच्या मोराचं एक कार्ड मिसळलंय. वाघ्यानं ते पाहिलंय. अण्णा कळ दाबतो. पहिली भाकरी नीट येते. दुसरीवर मोराचा तुरा उमटतो, अण्णा खूश. तिसरीला यंत्राला सूत लागतं आणि ते अण्णाच्या अंगावरची चादर उसवून ओढायला लागतं.

यात यंत्राचं काम एक आहे, बिघाड एक आहे, आणि बिघाडाचं कारण बिघाड होण्याआधी प्रेक्षकाला दाखवलंय. तुमच्या यंत्रात पाच बिघाड सुचले तर चार काढून टाका. आणि यंत्र ओळखीच्या कामाचं ठेवा, शेंगा सोलायचं, पाणी आलं की उठवायचं. घरातल्या प्रत्येकाला ते काम कसं होतं ते माहीत असलं की बिघडल्याचं लगेच कळतं.

यंत्राला सामान विकत आणू नका. रिकाम्या बॉबिनी म्हणजे तयार चाकं, कांड्या म्हणजे रूळ, तुटका धोटा उलटा केला की भाकरी सरकायची घसरगुंडी. जुनी कार्डं मिळाली तर उत्तमच, नाहीतर लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याला पंचिंग मशिननं भोकं पाडा. भाकऱ्या मात्र खऱ्या. कडक भाकरी करणाऱ्या बाईंना रुपयाच्या नाण्याएवढ्या थापून मागा. ती वाळलेलीच असते, दिव्याखाली आठवडाभर रंग-आकार बदलत नाही. मुंग्यांपासून तेवढी जपा, रात्री डब्यात.

आता फोन. स्टॉप मोशन स्टुडिओ नावाचं अ‍ॅप आहे, त्याची फुकटची आवृत्ती शिकायला पुरते. त्यात आधीचं चित्र पुसटसं मागं दिसतं, त्यामुळं बाहुली किती सरकवली ते डोळ्यांसमोर राहतं. फोन स्टँडला पक्का बांधा, एअरप्लेन मोडवर टाका. फोकस, उजेड आणि रंग, तिन्ही गोष्टी कुलूपबंद करा. फोन स्वतः ठरवायला लागला की प्रत्येक चित्राचा उजेड वेगळा येतो आणि सिनेमा लुकलुकतो. बटण दाबायला फोनला हात लावू नका, ब्लूटूथचं छोटं बटण मिळतं.

उजेडाला सोलापुरात फार सांभाळावं लागतं. खिडकीतून ऊन येऊ देऊ नका, अर्ध्या तासात सावली सरकते. खिडकीवर जाड चादर दुहेरी टाका, आपली चादर पडद्यापेक्षा चांगली. दोन एलईडी टेबल लॅम्प, एक बाजूनं जोरात, दुसरा समोरून कागदाआडून मंद. वीज आपल्याकडं ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतो, म्हणून शटर १/५० किंवा १/२५ वर ठेवा. शेजारी माग सुरू झाले की व्होल्टेज पडतं. दिवे इन्व्हर्टरवर लावता आले तर लावा. मागाचा हादरा टेबलापर्यंत येत असेल तर मागाच्या सुट्टीलाच शूटिंग करा. आणि काम करणाऱ्यानं गडद कपडे घालावेत. पांढरा सदरा घालून टेबलाशी हललात की त्याचा उजेड सेटवर पडतो.

पंखा बंद ठेवावा लागतो, भाकऱ्या हलतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा दुपारी माती हाताला चिकटते आणि कुत्र्याचे पाय बसतात. पहाटे साडेपाचला बसा, नऊला उठा. बाहुली झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवली तर डबा लगेच उघडू नका, मातीवर दव धरतं. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, जानेवारीत, काम सगळ्यात छान होतं, पण पोरांना सुट्टी मेमध्ये असते, त्याला इलाज नाही.

हलवायचं कसं, ते वाघ्याच्या एका शॉटवर दाखवतो. मोराचं कार्ड यंत्रात शिरतं. वाघ्या जमिनीकडं बघतोय. सहा चित्रं काहीच हलवायचं नाही. मग फक्त मणी कार्डाकडं, दोन चित्रांत. डोकं अजून तिथंच. आधी नजर जाते, मग डोकं जातं, खऱ्या कुत्र्याकडं बघा, तसंच होतं. आता डोकं वळवायचं, आधी मिलिमीटरभर, मग दोन, मग चार, चार, मग दोन, मग एक. सुरुवात हळू, मधे वेग, शेवटी हळू. सगळीकडं सारखंच अंतर ठेवलं तर डोकं घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं आणि कुत्रा मरतो. डोकं थांबलं की चार चित्रं शांत. मग वळकटीचं एक टोक तीन चित्रांत वर. आणि आता बारा चित्रं, पूर्ण एक सेकंद, हात लावायचा नाही. पोरांना हा सेकंद जड जातो, त्यांना वाटतं काम थांबलं. पण प्रेक्षक या सेकंदात कुत्र्याचं मन वाचतो, तो त्याला द्या. मधे पापणी एकदा मिटवली तर बाहुली गोठल्यासारखी वाटत नाही. मण्यावर मातीचा चपटा तुकडा एका चित्रापुरता ठेवायचा आणि काढायचा.

अण्णा बोलतो, त्याचा आवाज आधी रेकॉर्ड करा. चादर डोक्यावरून घेऊन फोनमध्ये बोला, खोलीचा घुमारा येत नाही. मग आवाज थांबवत थांबवत ऐका आणि वहीत लिहा, कुठल्या चित्राला कुठलं अक्षर. तोंडं सहाच करा: मिटलेलं, ‘अ’चं अर्धं उघडं, ‘आ’चं मोठं, ‘ई’चं रुंद, ‘ओ’चं गोल, ‘ऊ’चं बारीक. ती डब्याच्या झाकणावर मांडून ठेवा आणि लागेल तसं बदला. ‘भाकरी’ हा शब्द आमच्या अण्णाच्या तोंडी आठ चित्रांचा: ‘भ’ला एक मिटलेलं, तीन ‘आ’, ‘क’ला एक अर्धं उघडं, ‘री’ला तीन रुंद. प, फ, ब, भ, म यांना ओठ मिटलेच पाहिजेत, आणि आवाजाच्या एक चित्र आधी मिटले तर अजून बरं. बाकी अक्षरांत थोडं इकडंतिकडं झालं तरी प्रेक्षक सांभाळून घेतो.

उडणाऱ्या भाकरीला मागून पातळ तार लावा. आधी रिकाम्या सेटचा एक फोटो काढून ठेवा, नंतर तार त्यावरून पुसता येते.

शेवटी यंत्राचा आवाज. लांबून घेतलेली मागाची खटखट हळू आवाजात सगळ्यांच्या खाली सलग ठेवा. भाकरी थापल्याचा आवाज म्हणून शेंगाचटणी कुटताना उखळीचा ठोका घ्या. चादर उसवायला लागते तिथं खरं सूत फोनजवळ फर्रकन ओढा. आणि वाघ्याची भुवई वर जाते त्या सेकंदाला हे सगळे आवाज बंद करा, मागसुद्धा. पुढचा ठोका भुवई खाली आल्यावरच पडू द्या.