दिवाणी वकिली शिकण्यासाठी एक फाइल पुरी वाचा

रत्नागिरी, कुडाळ किंवा सावंतवाडीत वकिलांकडे इंटर्नशिपला जाणाऱ्या विद्यार्थ्याने सुरुवातीलाच एक निकाली निघालेला मालमत्तेच्या वाटपाचा दावा मागून घ्यावा आणि त्याची फाइल वादपत्रापासून (वादीच्या लेखी दाव्यापासून) शेवटच्या रोजनाम्यापर्यंत (न्यायालयाच्या तारीखवार नोंदीपर्यंत) वाचावी. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते, पण एका वर्षात ती सलग चार आठवड्यांहून अधिक करता येत नाही. तेवढ्या काळात चालू दाव्याच्या एकदोन तारखाच वाट्याला येतात. दावा कसा उभा राहतो आणि कुठे अडतो, हे संपलेल्या फाइलीतच दिसते.

वाचताना वहीच्या डाव्या बाजूला वादपत्रातील प्रत्येक विधान लिहावे आणि समोर कैफियतीत, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरात, त्याला काय उत्तर दिले आहे ते नोंदवावे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८, नियम ५ नुसार जे विधान स्पष्टपणे नाकारलेले नाही ते सामान्यतः मान्य समजले जाते. त्यामुळे समोरची जागा कोरी राहिली तर तिथे थांबून विचार करावा. जिथे एक बाजू होय म्हणते आणि दुसरी नाही म्हणते, तिथूनच आदेश १४ खालील मुद्दे, म्हणजे न्यायालयाने ठरवायचे प्रश्न, निघतात. मुद्दे आधी स्वतः काढून पाहावेत आणि मगच न्यायालयाने काढलेले मुद्दे वाचावेत.

यानंतरचे काम कोकणात विशेष महत्त्वाचे आहे, ते म्हणजे सातबारा, आठ अ आणि जुने फेरफार समोर ठेवून वंशावळ काढणे. इथल्या एकेका सातबाऱ्यावर सामाईकात कितीतरी नावे असतात, त्यांतील काही माणसे हयात नसतात आणि त्यांची मुले मुंबईत किंवा ठाण्यात राहतात. वाटपाच्या दाव्यात सर्व सहहिस्सेदार आवश्यक पक्षकार असल्याने एक शाखा सुटली तरी सगळा दावा धोक्यात येतो. दावा चालू असताना पक्षकार वारला, तर ९० दिवसांत वारस रेकॉर्डवर घेण्याचा अर्ज द्यावा लागतो. नाहीतर त्याच्यापुरता दावा अबेट होतो, म्हणजे आपोआप संपतो. म्हणून मुलींची नावे, लग्नानंतरची आडनावे आणि मृत्यूच्या तारखा पक्षकाराला पुन्हा पुन्हा विचाराव्यात. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबातील मुलीला जन्मतःच सहदायकाचा (कुटुंबाच्या मालमत्तेतील हिस्सेदाराचा) हक्क मिळाला आहे, तरीही घरचा माणूस कुटुंबाची माहिती सांगताना बहिणींची नावे अनेकदा शेवटी सांगतो किंवा सांगतच नाही.

सातबाऱ्यावरील इतर हक्काचा रकाना कधीही वगळू नये. तिथे कुळाची नोंद असेल आणि कूळ आहे की नाही हाच वाद असेल, तर १९४८ च्या कूळ कायद्याच्या कलम ८५ अ प्रमाणे तो प्रश्न निर्णयासाठी महसुली प्राधिकाऱ्याकडे पाठवावा लागतो. दिवाणी न्यायालय स्वतः तो ठरवत नाही. तसेच सरकारी आकारणीच्या शेतजमिनीत न्यायालयाच्या हुकूमनाम्याने हिस्से ठरले, तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ नुसार प्रत्यक्ष सरसनिरस (जमिनीची प्रत पाहून केलेले) वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. पक्षकाराला हे पहिल्याच भेटीत सांगितलेले बरे.

न्यायालयात जाण्यापूर्वी त्या दिवसाचा बोर्ड (प्रकरणांची यादी) पाहावा आणि आपले प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे ते जाणून घ्यावे. तूर्तातूर्त ताकिदीच्या (तात्पुरत्या मनाई हुकमाच्या) अर्जाचा युक्तिवाद असेल तेव्हा अवश्य हजर राहावे. आंब्याच्या तोडणीवरून भाऊबंदांत वाद असेल तर हंगाम थांबत नाही, आणि प्रथमदर्शनी केस, सोयी-गैरसोयीचा तोल व भरून न येणारे नुकसान या तीन कसोट्यांचा खरा अर्थ त्या वेळी कळतो. नाझर, समन्स बजावणारा बेलिफ आणि नक्कल विभाग या न्यायालयीन कर्मचाऱ्यांच्या कामाची पद्धत मात्र वकिलांच्या कारकुनाकडून शिकावी. समन्स का परत आले हे कारकुनाइतके कोणी नीट सांगत नाही.

पक्षकारांशी बोलताना वयाप्रमाणे काका, मावशी म्हणावे, पण ऐकलेली गोष्ट ऑफिसबाहेर नेऊ नये. तालुक्याच्या गावात वादी आणि प्रतिवादी एकाच एसटीने न्यायालयात येतात आणि तुमच्या शेजारच्या बाकावर कोणाचा मेहुणा बसला आहे हे तुम्हाला ठाऊक नसते.

शेवटच्या आठवड्यात वाचलेल्या फाइलीतील फक्त दस्तऐवज समोर ठेवून, मूळ वादपत्र न पाहता, स्वतः वादपत्र लिहावे. त्यात चतुःसीमा, दाव्यास कारण घडल्याची तारीख, मूल्यांकन, कोर्ट फी, मागणी आणि सत्यापन (मजकूर खरा असल्याची सही) हे सर्व यावे. ते वकीलसाहेबांना दाखवावे आणि त्यांनी ज्या ओळी खोडल्या असतील, त्यांचे कारण विचारून समासात लिहून घ्यावे.