नकाशा आधी खाली अंथरा

तिसरी-चौथीच्या लेकरांना उत्तर दिशा विचारली की बरीचशी आभाळाकडे बोट करतात. त्यांचं काय चुकलं? नकाशा आपणच भिंतीला टांगतो आणि वरची बाजू उत्तर म्हणून घोकून घेतो. म्हणून अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल सुरू करताना मी जिल्ह्याचा नकाशा गुंडाळूनच ठेवते.

पहिलं काम, उत्तर शोधणं. उगवतीकडे तोंड केलं की डावा हात उत्तरेला, हे चालतं, पण डिसेंबरात सूर्य पूर्वेपासून बराच दक्षिणेला सरकून उगवतो आणि हात वाकडा पडतो. त्यापेक्षा दिवाळीनंतरच्या उन्हात पटांगणात एक सरळ काडी उभी रोवा. तुराटी (तुरीची वाळकी काडी) चालेल, पऱ्हाटी (कपाशीची) नको, ती सरळ मिळत नाही. साडेअकरा ते एक, दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडा ठेवायचा. सगळ्यात आखूड सावलीचा खडा काडीच्या उत्तरेला. तिथून काडीपर्यंत चुन्याची रेघ मारून ठेवा.

"मॅडम, बाराले काहून नाही आखूड?" हा प्रश्न येतोच. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेलं आहे आणि अमरावती त्याच्या बरीच पश्चिमेला, म्हणून आपली खरी दुपार उशिरा होते. लेकरांना एवढंच सांगा की सूर्य आपल्याकडे थोडा मागाहून पोचतो. आणि हा खेळ शाळा उघडल्या-उघडल्या करू नका. जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्याकडे डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, सावली दक्षिणेला पडते, आणि सगळाच घोळ होतो.

मग वर्गाचा नकाशा. गणिताच्या चौकोनी वहीत एक पाऊल म्हणजे एक चौकोन. प्रत्येकाचं पाऊल वेगळं, त्यामुळे कोणाचा वर्ग लांब, कोणाचा आखूड, आणि भांडण. होऊ द्या. प्रमाण कशाला लागतं हे त्या भांडणातूनच कळतं.

त्यानंतर गाव. मोठा कागद चुन्याच्या रेघेला धरून खाली अंथरायचा. देऊळ, चक्की, एसटीचा थांबा, पांदण, नाला, ज्याचं त्याचं वावर. खुणा त्यांनाच ठरवू द्या. एकच लक्ष ठेवा: नाल्यापलीकडच्या बेड्यावरची, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतली, घरं हमखास राहून जातात, आणि तिथली लेकरं वर्गात समोर बसलेली असतात. ती घरं त्यांच्याच हातून काढून घ्या.

माझा जीव खरा रमतो तो पाण्यात. पाऊस उघडला की पटांगणातलं पाणी कुठे वाहतं ते बघत नाल्यापर्यंत जायचं. परत येऊन काळ्या मातीची लांब वरंबी करायची, माथ्यावर तांब्याने पाणी सोडायचं. दोन्हीकडे ओहोळ फुटतात. आता विचारा, "तुह्या वावरातलं पाणी कोणत्या समुद्रात जाते?"

जिल्ह्याचा नकाशा उलगडायचा तो आत्ता, खालीच, रेघेला धरून. आमच्या अमरावती जिल्ह्यात या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत. पेढीचं पाणी पूर्णेत, पूर्णेचं तापीत, तापीचं अरबी समुद्रात. बेंबळेचं मात्र वर्धेत. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि पाणी बंगालच्या उपसागराला जातं. बोटाने हा प्रवास प्रत्येकाकडून करून घ्या; जिल्ह्याबाहेर गेल्यावर भारताचा नकाशा शेजारी जोडा. वर्धा आणि तापी दोघींचा उगम मध्य प्रदेशातल्या मुलताईच्या परिसरातला, हे कळल्यावर वर्गात जो गलका होतो! उगम, संगम, उपनदी, जलविभाजक (पाणी दोन्हीकडे वाटणारा उंचवटा, आपल्या वरंबीचा माथा) हे शब्द इथे द्या, आधी नको. तुम्ही भंडारा-गोंदियाकडचे असाल तर धानाच्या बांधीपासून वैनगंगेपर्यंत हेच करता येईल.

पृथ्वीगोल सगळ्यात शेवटी. चौथीला तेवढा पुरे.

तपासणीला "दिशा किती व कोणत्या" विचारू नका, ते पाठ असतं. नवीन गुरुजी एसटीच्या थांब्यावर उतरले आहेत, त्यांना शाळेपर्यंतचा रस्ता सांगा, असं म्हणा. डावीकडे-उजवीकडे म्हणायचं नाही, फक्त दिशा, आणि अंतर पावलांत.