आपल्या भागात झालेल्या शूटिंगची वही कशी करावी

ही वही मी मार्च २०२२ मध्ये सुरू केली. ४ मार्चला नागपुरात चित्रित झालेला ‘झुंड’ हा सिनेमा लागला आणि पुढचे दोन दिवस आमच्या गल्लीत एकच वाद चालला होता, पडद्यावर दिसलेला तो कोपरा नेमका कुठला? मी नागपूरच्या इंदोऱ्यात राहते, बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. जागेवरून वाद झाला की लोक माझ्याकडे येतात. त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही, म्हणून वही आणली. आता तिसरी वही चालू आहे. आपल्या मोहल्ल्याची, गावाची किंवा तालुक्याची अशी वही कुणाला करायची असेल, तर मी काय करते ते सांगते.

सुरुवातीला एकच सिनेमा घ्या आणि एकच भाग. ‘विदर्भातलं सगळं चित्रीकरण’ असं ठरवून बसलात तर वही दहाव्या पानावर बंद पडेल. आणि पहिल्याच पानावर तीन रकाने आखा. इथे चित्रित झालेलं, इथली गोष्ट पण दुसरीकडे चित्रित झालेलं, आणि इथली माणसं. हे तीन लोक सर्रास एकत्र करतात. ‘शोले’तलं रामगढ कर्नाटकात रामनगरला उभं राहिलं, ‘स्वदेस’मधलं उत्तर प्रदेशातलं चरणपूर म्हणजे आपल्या वाईजवळचं मेणवली. नागपूरचंही तसंच. ‘कोर्ट’मधले लोकशाहीर नारायण कांबळे साकारणारे वीरा साथीदार आपले नागपूरचे, पण त्या सिनेमाची गोष्ट मुंबईची. ते माझ्या तिसऱ्या रकान्यात आहेत, राजकुमार हिरानींच्या शेजारी. साथीदार एप्रिल २०२१ मध्ये कोरोनात गेले. त्यांच्याशी बोलायचं मनात होतं, राहून गेलं. तिसऱ्या रकान्यातली माणसं आधी गाठा, भिंती थोडं थांबतील.

मग सिनेमा पाहा, पण गोष्ट पाहू नका. पहिल्यांदा गोष्ट पाहून घ्यावीच लागते, मन भरत नाही तोवर डोळा मागे जात नाही. दुसऱ्यांदा बघताना हिरोच्या खांद्यामागे बघा: पाण्याची टाकी, विजेचा डीपी, दुकानाची पाटी, मंदिराचा कळस, विहाराचा झेंडा, रेल्वेचा रूळ. दृश्य थांबवा, मिनिट आणि सेकंद लिहा, दिसलेलं लिहा, वाटलेलं लिहू नका. गाड्यांचे नंबर कामाला येतात. एमएच ३१ म्हणजे नागपूर शहर, ४९ म्हणजे पूर्व नागपूर, ४० म्हणजे ग्रामीण. मात्र पुढच्या गाडीवर विश्वास ठेवू नका, ती युनिटने आणलेली असू शकते आणि तिच्यावर हवा तो नंबर लावलेला असतो. मागे, धुळीत, कुणाच्या तरी घरासमोर तिरकी उभी असलेली लुना खरी.

आता वेळ ठरवणं. इथे बहुतेकांची चूक होते, म्हणून जरा सविस्तर सांगते. सिनेमा लागला ते साल आणि तो चित्रित झाला ते साल एक नसतं. ‘झुंड’साठी अमिताभ बच्चन नागपुरात आले ते डिसेंबर २०१८ मध्ये. थेटरात आपण तो पाहिला २०२२ मध्ये, मधे कोरोना. त्या सव्वातीन वर्षांत शहराने कातच टाकली. मेट्रोची पहिली गाडी खापरी ते सीताबर्डी धावली मार्च २०१९ मध्ये, वर्धा रोडचा डबल डेकर पूल सुरू झाला नोव्हेंबर २०२० मध्ये. म्हणजे २०२२च्या पडद्यावर आपण बघत होतो ते मेट्रो सुरू होण्याआधीच्या हिवाळ्यातलं नागपूर. आमच्या कामठी रोडचं तर विचारूच नका. इंदोरा चौकातून मेट्रो डिसेंबर २०२२ मध्ये धावायला लागली आणि तिच्या खालचा पूल ऑक्टोबर २०२४ मध्ये खुला झाला. त्याआधीचं इंदोरा ते गड्डीगोदामपर्यंतचं आकाश ज्या कुठल्या दृश्यात मोकळं दिसेल, ते माझ्या दृष्टीने सोनं आहे. तुमच्या भागातही असा एखादा पूल, टॉवर, रस्ता रुंदीकरण असेलच. त्यांच्या तारखा आधी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, मग दृश्यात काय आहे आणि काय नाही हे बघून काळ आवळत आणा.

महिना ठरवायला सावली वापरा. हे मी वर्गात शिकवायची. नागपूर साधारण २१ अंश उत्तरेला आहे. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी, म्हणजे आपल्याकडे बारा वाजून बारा-पंधरा मिनिटांनी, सूर्य जेमतेम ४५ अंश वर येतो. तेव्हा माणसाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीइतकी पडते आणि दिवसभरात याहून आखूड होत नाही. तेव्हा पडद्यावर खांबाची सावली खांबाच्या निम्मी दिसली, तर ते दृश्य डिसेंबर-जानेवारीतलं नाहीच, मार्च ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचं आहे. मेच्या अखेरीस तर दुपारी सावली पायाखाली गडप होते. सावली नटाची मोजू नका, त्याच्यावर मोठमोठे दिवे आणि पांढरे थर्माकोल धरलेले असतात. मागच्या विजेच्या खांबाची मोजा.

एवढं झालं की घराबाहेर पडा. झेरॉक्सच्या दुकानातून ते दृश्य ए-फोर कागदावर काढून घ्या. मोबाईलवर दाखवू नका. उन्हात मोबाईल दिसत नाही, आणि कागद हातात घेतला की माणूस बोलायला लागतो. एका वस्तीत मी कागद स्कूटीच्या सीटवर पसरून उभी होते. पाचच मिनिटांत चार बायका भोवती. एकीने निळ्या भिंतीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘‘मॅडम, हे भित आमचीच हाय, पण हा रंग त्याह्यचा. आमचा पिवळा व्हता. मंग म्या बी निळाच ठेवला, चांगला दिसून राह्यला.’’ मी भिंतीजवळ जाऊन पाहिलं. पोपडा उडाला होता तिथे निळ्याखाली पिवळा, पिवळ्याखाली चुना. आर्ट डिपार्टमेंटने दिलेला रंग त्या बाईने पुढे स्वतःच्या पैशाने पुन्हा मारला होता. श्रेयनामावलीत हे कधी येणार नाही. यासाठीच तर वही.

विचारायचं कसं, तर ‘अमिताभ कसे होते’ इथून सुरू करू नका. त्याचं उत्तर सगळ्यांचं सारखंच येतं. ‘त्या दिवशी तुमचा नळ आला होता का?’, ‘जनरेटरची गाडी कुठे लावली होती?’, ‘गर्दीत उभं राहायचे किती मिळाले?’, ‘जेवण कुणी दिलं, तर्री पोहे कुठून यायचे?’ असं विचारा. तारीख विचाराल तर चुकीची मिळेल. पोळ्याआधी का नंतर, दीक्षाभूमीवर गर्दी होऊन गेली होती का, संक्रांतीचे तिळगूळ झाले होते का, असं विचारा, माणसं बरोबर जागेवर येतात. पण तेही पडताळा. एका काकांनी मला छातीठोक सांगितलं, ‘‘तवा अधिवेशन चालू व्हतं, पोलीस तिकडं गुंतले व्हते.’’ नागपूर आणि डिसेंबर म्हटलं की अधिवेशन, मीही तसंच लिहून घेतलं. नंतर पाहिलं तर २०१८ मध्ये नागपुरात पावसाळी अधिवेशन भरलं होतं, जुलैत. त्या वर्षीचं हिवाळी मुंबईला झालं. काका खोटं बोलत नव्हते, दोन हिवाळे त्यांच्या मनात एकत्र झाले होते. वहीत मी त्यांचं वाक्य तसंच ठेवलं आणि बाजूला लाल शाईने अधिवेशनाची तारीख लिहिली. सांगणाऱ्याचं वाक्य कधी दुरुस्त करू नका, समासात लिहा.

पडताळणीसाठी वर्तमानपत्रांच्या जुन्या फाइली उत्तम. सिनेमाची पुरवणी सोडा, शहराचं पान बघा: वाहतूक वळवली, बघ्यांची गर्दी झाली, मैदान चार दिवस बंद, अशा चार ओळींत खरी तारीख सापडते. सिनेमाच्या सुरुवातीला क्षणभर दिसणारं सेन्सॉरचं प्रमाणपत्रही थांबवून वाचा. त्यावरची तारीख म्हणजे तुमची शेवटची हद्द, चित्रीकरण त्याआधीचंच. आणि शेवटची आभाराची यादी, जी थेटरात कुणीच बसून वाचत नाही, ती संपूर्ण उतरवून घ्या. शाळा, मंडळं, पोलीस ठाणी, सगळी तिथे असतात. माझे अर्धे पत्ते तिथून निघाले.

बोलणं रेकॉर्ड करा, पण आधी विचारून, आणि त्याच रात्री दुसरीकडे उतरवून ठेवा. हे मी कळवळून सांगते. सेटच्या तोंडाशी चहाची टपरी असलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी मला पाऊण तास सांगितलं होतं. कोणाला किती साखर लागायची, रात्रीचं शूटिंग असलं की शेगडी किती वाजता पेटवायची, पोरं पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर कशी लाजली आणि आठवड्याने कशी युनिटलाच जागा दाखवायला लागली. मोबाईल बिघडला, दुरुस्तीला दिला, कोरा होऊन परत आला. मी पुन्हा गेले तेव्हा टपरीवर मुलगा होता, बाबा पंधरा दिवसांपूर्वी गेले होते. मला आठवलं ते मी लिहिलंय, दोन पानं भरली. पण त्यांचा आवाज आणि ते शेगडीचं सांगताना हाताने वारा घालणं, ते गेलं.

काय लिहू नये तेही ठरवा. घर नंबर, गल्ली, लहान मुलांची नावं वहीत असली तरी बाहेर देऊ नका. ‘झुंड’मध्ये झळकलेल्या अंकुश गेडामसारख्यांची नावं जगजाहीर आहेत, पण गर्दीत उभ्या राहिलेल्या शेकडो पोरांचं तसं नाही. आणि ‘झोपडपट्टी’ हा शब्द सांगणाऱ्याने वापरला असेल तरच लिहा. माझ्याशी बोललेल्या बहुतेकांनी ‘वस्ती’ म्हटलं, मीही वस्तीच लिहिते. ज्यांच्यावर ‘झुंड’ बेतलाय त्या विजय बारसे सरांनी याच वस्त्यांमधल्या पोरांच्या पायात फुटबॉल दिला, तो सिनेमा यायच्या कितीतरी आधी. वहीत तो क्रम उलटा होऊ देऊ नका, सिनेमा नंतर आलेला आहे.

वही पुरी झाली की तीन प्रती काढा. एक जवळच्या वाचनालयात द्या, एक घरी ठेवा आणि एक त्या वस्तीत, जिथे चार माणसं बसतात तिथे: सलूनमध्ये, विहारात, टपरीवर. वस्तीतल्या प्रतीच्या शेवटी दहा कोरी पानं शिवून घ्या आणि दोरीने पेन बांधा. माझ्या प्रतीतली सहा पानं भरली आहेत, आणि दोन ठिकाणी माझं चुकलेलं लोकांनी खोडून बरोबर लिहिलंय.