लॅपटॉपवर भरवसा न ठेवता वॉलेट कसं जोडायचं

सोलापुरात नवी पेठेत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. टॉवेल कारखान्याच्या दिवाणजीचा लॅपटॉप असो की इंजिनिअरिंगच्या पोराचा, आत काय सापडणार हे बहुतेक ठरलेलं असतं: क्रॅक मारलेलं टॅली, फुकटात विंडोज चालू करणारी कुठलीतरी फाइल, त्या फाइलसाठी मुद्दाम बंद केलेला अँटिव्हायरस, आणि कुणीतरी मदत करताना टाकलेलं, नंतर विसरलेलं एनीडेस्क, म्हणजे लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं ॲप. म्हणून हार्डवेअर वॉलेट, म्हणजे बिटकॉइनसारख्या क्रिप्टोची किल्ली सांभाळणारं छोटं यंत्र, घेऊन येणाऱ्याला मी आधी एवढंच सांगतो, मालक, आपला लॅपटॉप घाण आहे असं धरूनच चाला.

हे यंत्र बनवलंय त्याचसाठी. तुमची गुप्त किल्ली त्याच्या आतच राहते. लॅपटॉप फक्त ‘अमुक पत्त्यावर एवढे पाठवायचेत’ असा मसुदा पाठवतो, यंत्र आतल्या आत सही करतं आणि सही बाहेर देतं. लॅपटॉपमधल्या व्हायरसला किल्ली मिळत नाही, पण तो तुम्हाला स्क्रीनवर खोटं दाखवू शकतो. त्यामुळे खरं काय ते यंत्राच्या छोट्या पडद्यावर वाचायचं.

यंत्र कंपनीच्या साइटवरून किंवा तिनं जाहीर केलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या. सेकंडहँड नको, कितीही स्वस्त मिळो. सील बघून खूश होऊ नका. लेजर आणि ट्रेझर या अशी यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या. लेजरच्या डब्यावर तसलं सील नसतंच, यंत्र खरं आहे का हे कंपनीच्या ॲपला जोडल्यावर आतली चिप तपासून कळतं. ट्रेझर वन हे मॉडेल फर्मवेअरशिवाय, म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरशिवाय येतं, पहिल्यांदा जोडताच फर्मवेअर आधीच असल्याचं दिसलं तर तिथंच थांबा. आणि वॉलेट परत उभं करायला लागणारे गुप्त शब्द आधीच छापलेलं कार्ड डब्यात निघालं तर तो डबा दुसऱ्या कुणीतरी तुमच्यासाठी तयार केलाय. परत करा.

पार्सल मी घराऐवजी दुकानाच्या पत्त्यावर मागवायला सांगतो. २०२० मध्ये लेजरच्या सुमारे २ लाख ७० हजार गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, फोन नंबर बाहेर फुटले, आणि पुढच्या वर्षी त्यातल्या काहींच्या घरी टपालानं नकली यंत्रं आली. न मागता आलेलं वॉलेट लॅपटॉपला लावायचंच नाही.

ॲप डाउनलोड करताना गुगलवर शोधू नका, वरची पहिली ओळ बऱ्याचदा जाहिरातीची असते. यंत्राबरोबरच्या कागदावरचा साइटचा पत्ता बघून स्वतः टाइप करा. ‘स्टोअरवर आहे म्हणजे खरंच असणार’ हेही सोडून द्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरवर लेजर लाइव्ह या लेजरच्या ॲपच्या नावाचं नकली ॲप आलं होतं, त्यात लोकांचे १६ हून जास्त बिटकॉइन गेले.

केबल डब्यातलीच वापरा. ‘वॉलेट दिसंना’ म्हणून येणाऱ्यांच्या हातात बहुतेक वेळा मोबाइलची नुसती चार्जिंगची केबल असते, तिच्यातून डेटा जातच नाही. हब काढून थेट पोर्टला लावा. लेजर असेल तर पिन टाकून उघडल्याशिवाय ते ॲपला सापडत नाही. लिनक्सवाल्यांनी यूडेव्हचे नियम, म्हणजे यंत्र वापरायची परवानगी देणारी फाइल, टाकले का बघावं. फर्मवेअर अपडेट मात्र लाईट जायच्या वेळेला करू नका, यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर तर नाहीच. आणि अपडेटआधी शब्दांचा कागद हाताशी असू द्या.

या शब्दांवरच सगळं अवलंबून आहे. ठरलेल्या यादीतून यंत्र बहुतेक वेळा १२ किंवा २४ शब्द निवडतं आणि स्वतःच्या पडद्यावर दाखवतं. पेनानं कागदावर लिहा. फोटो नाही, नोट्स नाही, झेरॉक्स तर नाहीच. आपल्याकडे दिसेल त्या कागदाची झेरॉक्स काढायची सवय आहे, पण आजकालच्या बऱ्याच मशिनींना मेमरी असते. इथं एक खास सोलापुरी घोळ आहे: पोरगा पुण्यात, हिंजवडीला, आणि वडिलांचं वॉलेट तो तिकडून सेट करून देणार. एनीडेस्कवरून त्याला शब्द दिसत नाहीत, म्हणून वडील व्हॉट्सॲप व्हिडिओवर यंत्र कॅमेऱ्यासमोर धरतात! पोराला म्हणावं, शनिवारी घरी ये, तोवर डबा बंद.

लॅपटॉपवर हे शब्द टाइप करायला कुणी सांगितलं तर तो चोर, मग ते ॲप असो, ईमेल असो की ‘कस्टमर केअर’. अपवाद ट्रेझर वनचा, वॉलेट परत उभं करताना ते शब्द उलटसुलट क्रमानं कॉम्प्युटरवर विचारतं. तिथं ॲडव्हान्स्ड रिकव्हरी निवडा, त्यात शब्द सरळ टाइप करावे लागत नाहीत.

पिन लावताना घरातली लेकरं लक्षात ठेवा. लेजर ३ चुकीच्या पिननंतर स्वतःला पुसून टाकतं, ट्रेझरही ठरावीक चुकांनंतर पुसतं.

आता पैसे. एक्स्चेंजवरून, म्हणजे जिथं क्रिप्टो विकत घेतलं तिथून, पहिल्यांदा अगदी थोडे पाठवा. ॲपमध्ये तुमच्या वॉलेटचा पत्ता (खाते नंबरसारखा) दिसला की तोच पत्ता यंत्राच्या पडद्यावर मागवा आणि अख्खा जुळवा. पहिली चार, शेवटची चार अक्षरं बघून भागत नाही. कॉपी केलेला पत्ता पेस्ट होताना बदलणारे व्हायरस आहेत, आणि टोकं सारखी दिसणारे पत्ते मुद्दाम बनवताही येतात. पुढं सही मागताना पडद्यावर पत्ता आणि रक्कम न दिसता नीट न समजणारं काही आलं, नुसती आकडे-अक्षरांची रांग, तर सही करू नका.

थोडे पैसे पोचले की यंत्र मुद्दाम पुसा आणि कागदावरच्या शब्दांनी परत उभं करा. लोक नेमकं हेच टाळतात. शिल्लक परत दिसली तर तुमचं अक्षर तुम्हालाच वाचता येतंय हे नक्की झालं, मग बाकीचे हलवा. एक्स्चेंजवरून काढलेल्याची तारीख, मूळ खरेदीची किंमत आणि व्यवहाराचा आयडी वहीत टिपा. आपल्याच वॉलेटमध्ये हलवणं म्हणजे विक्री नव्हे, पण पुढं विकाल तेव्हा नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि तेव्हा सीए खरेदीचा कागद मागणारच.