पाणलोटाचं काम बंद करताना या चुका टाळा

पाणलोट प्रकल्पाचे शेवटचे महिने मी बऱ्याच गावांत काढले आहेत. बिलं अडलेली, शेवटचा हप्ता लटकलेला, आणि कार्यालयातून रोज फोन: अहवाल कधी देताय? या घाईत होणाऱ्या चुका दरवेळी त्याच असतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मे महिन्यातली विहीर आणि ऑक्टोबरातली विहीर शेजारी मांडून ‘पाणी वाढलं’ म्हणणं. ही मी स्वतः केली आहे. २०१६ चा उन्हाळा मराठवाड्यात कसा गेला ते ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. आमच्या गावात विहिरींचे तळ दिसत होते आणि तीच आमची सुरुवातीची नोंद. मग पावसाळा दणकून झाला. ऑक्टोबरात टेप सोडला तर पाणी चार परस, म्हणजे साधारण चार माणसांच्या उंचीइतकं, वर. समतल चर (उतारावर एका पातळीत खोदलेले), गॅबियन (तारेच्या जाळीत दगड भरून केलेले बांध) आणि सिमेंट नालाबांधामुळे भूजल वाढलं, असं मी अहवालात ठोकून दिलं.

निधी देणाऱ्यांकडून तपासणीला आलेल्या बाई दुपारी ओढ्यापलीकडच्या गावात गेल्या. तिथं आम्ही एक दगडसुद्धा लावलेला नव्हता. तिथल्या विहिरीही जवळजवळ तेवढ्याच भरल्या होत्या. संध्याकाळी त्यांनी एवढंच विचारलं, “यातलं तुमचं किती आणि पावसाचं किती?” मला काहीच सांगता आलं नाही. काम वाया गेलं होतं असं नाही. पण भर उन्हात चर खोदणाऱ्या माणसांच्या कष्टाचा पुरावा मी गोळाच केला नव्हता. ते अजून टोचतं.

तेव्हापासून माझी रीत ठरलेली आहे. गावाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातल्या मिळून आठ विहिरी, आणि तसाच खडक असलेल्या पण काम न झालेल्या शेजारगावातल्या तीन. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. मीही तेच महिने धरतो. मोजणी सकाळी, मोटारी सुरू व्हायच्या आत. कठड्यावरून टेप सोडला तर कठड्याची उंची वजा करायची. त्याच पानावर महसूल मंडळाचा त्या वर्षाचा पाऊस लिहायचा. मेची तुलना मेशी, तीही साधारण सारखा पाऊस झालेल्या दोन वर्षांची. आपल्या काळ्या खडकात चांगल्या पावसानंतर ऑक्टोबरात बहुतेक विहिरी भरतातच. फरक दिसतो तो जानेवारीनंतर: मार्चमध्ये मोटार किती तास चालते, टँकर कोणत्या महिन्यात मागावा लागतो. हे बायकांना विचारा. त्यांना तारखेनिशी आठवतं.

नवी मुलं हुशार असतात, पण वर्षातून चार वेळा विहिरीवर जाण्यापेक्षा ड्रोनचा एक व्हिडिओ त्यांना पुरेसा वाटतो. सप्टेंबरातल्या भरलेल्या बांधाचा फोटो हा पावसाचा फोटो असतो. तो निष्कर्षाच्या पानावर लावू नका.

काम संपल्या संपल्या परिणाम मोजायला बसणं हीही तीच घाई. २०२१ पासून सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायच्या खर्चाच्या, नियमांतही मोठ्या कंपन्यांच्या १ कोटी किंवा त्याहून अधिक खर्चाच्या प्रकल्पांचा परिणाम, काम पूर्ण होऊन किमान वर्ष झाल्यावरच तपासायचा आहे. मी लहान कामांनाही तोच नियम लावतो आणि त्या फेरीचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरतो.

प्रस्तावातलं ‘होईल’ पुसून ‘झाले’ लिहू नका. वाचणाऱ्याला ते पहिल्या पानावर कळतं.

एमबीतली, म्हणजे मोजमाप पुस्तकातली, मापं जागेवर जाऊन पावसाळ्याआधी जुळवा. चरात गाळ बसला की काय मोजणार?

केंद्राच्या अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) आर्थिक वर्ष संपल्यावर बारा महिन्यांत द्यायचं असतं. बारा महिने आहेत म्हणून अकरा महिने थांबू नका, तोवर हिशेब लिहिणारा माणूस बदललेला असतो.

आता हस्तांतरण. सरपंचांच्या हातात फाईल, गळ्यात हार, फोटो, झालं! एका गावात आम्ही कोल्हापुरी बंधारा (पावसाळा सरताना दरवाजे बसवून नदीचं पाणी अडवणारा) असाच सोपवला. पुढच्या पावसाळ्याअखेर दरवाजे बसवायची वेळ आली. कुठे त्यांना ढापे म्हणतात, कुठे बर्गे. ते एका गोठ्यात पडलेले, रबर सील उन्हानं कडक झालेलं. देखभाल निधी बँकेत होता, पण खात्यावर माजी सरपंचांची आणि आमच्या एका सहकाऱ्याची सही, आणि तो नोकरी सोडून गेलेला. सह्या बदलेपर्यंत नोव्हेंबर उलटला आणि नदीची धार बारीक झाली. तो हंगाम गेला. खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांनी त्या भरवशावर गहू पेरला होता.

आता गावकरी आमच्याशिवाय एकदा दरवाजे बसवून आणि पावसाळ्याआधी काढून दाखवत नाहीत तोवर मी कागदावर सही घेत नाही. त्यात जवळजवळ एक वर्ष जातं, वरिष्ठ कुरकुरतात, तरीही. खात्यावर आमच्या माणसाची सही राहू देत नाही. दरवाजे कोण बसवणार, मजुरी कुठून देणार, हे नावानिशी ग्रामसभेच्या ठरावात येतं. रबर सीलचा एक जादा संच गावातच ठेवतो, आणि तो कुठे आहे हे निदान तिघांना दाखवूनच परत निघतो.