एकसुरी आवाजाला चढउतार कसे आणायचे

नोकरीत पर्मनंट झाल्याचं पत्र हातात पडलं, तेव्हा मी परळ स्टेशनच्या पुलावरूनच आईला फोन लावला. "आई, मी पर्मनंट झालो." पलीकडे क्षणभर शांतता. मग आई म्हणाली, "काय रे, बरं नाही का तुला?" आनंद गगनात मावत नव्हता, पण आवाजात त्याचा मागमूसही नव्हता. त्यानंतर मी आवाजावर काम करायला लागलो, आणि गेली काही वर्षं हौशी नाटकातल्या मुलांकडूनही तेच करून घेतो. खाली जे सांगतोय ते सगळं करून पाहिलेलं आहे.

एकसुरी बोलणाऱ्याला भावनाच नसतात, हा गैरसमज आधी मनातून काढून टाका. मुंबईत आवाज दाबायची सवय बऱ्याच जणांना घरातच लागते. दहा बाय बाराची खोली, त्यात कोणी रात्रपाळी करून झोपलेलं, कोणाची दहावी, आणि शेजारच्यांची भिंत पातळ. "हळू बोल" ऐकतच आपण मोठे होतो. पुढे लोकलच्या गर्दीत तोंडापुढे हात धरून फोनवर बोलतो. आवाज एका पट्टीत राहायला असा शिकतो, आणि शिकलेली सवय बदलता येते.

पहिली पायरी: स्वतःला ऐका

फोनवर दोन मिनिटं रेकॉर्ड करा. काही वाचू नका, आज घरातून कामावर कसे पोहोचलात ते सांगा. रेकॉर्डिंगमधला आवाज परका, बारीक वाटेल. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसाच कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडांतून खर्जाचा भाग जास्त पोहोचतो. रेकॉर्डिंगमध्ये तो नसतो. लोक ऐकतात तो आवाज हाच, म्हणून आवडला नाही तरी पुसू नका.

आता पुन्हा ऐका आणि फक्त वाक्यांच्या शेवटाकडे लक्ष द्या. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं: निघालो, पकडली, उतरलो. एकसुरी बोलणारा दर वेळी तिथेच आणि तेवढाच खाली येतो. दहा-पंधरा वाक्यं ओळीने अशीच संपली की ऐकणाऱ्याचं लक्ष उडतं. शेवटचा शब्द गिळताय का, तेही बघा. माझ्या अनुभवात निम्मं काम या एका गोष्टीने होतं: क्रियापद पूर्ण उच्चारा, आणि गोष्ट पुढे चालू असेल तर आवाज तिथे उतरू देऊ नका, वरच ठेवा.

दुसरी पायरी: गळा मोकळा करा

स्वरतंतू ताणले की स्वर चढतो, सैल पडले की उतरतो. हे स्नायूंचं काम आहे, त्यामुळे सरावाने जमतं. ताठ बसा, पोटावर हात ठेवा, श्वास घेताना हात पुढे यायला हवा. मग ओठ मिटून "म्म्म" करत खालून वर आणि वरून खाली या, घसरगुंडीवरून आल्यासारखे, मध्ये न तुटता. रोज पाच मिनिटं पुरेत. घसा दुखला तर थांबा.

घरात पेटी असेल तर "चहा झाला का?" हे वाक्य आधी 'सा'वर, मग 'ग'वर, मग 'प'वर बोला. गायचं नाही, बोलायचंच.

सरावाला जागा कुठून आणायची, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. इमारतीची गच्ची उत्तम. शिवाजी पार्कचा कट्टा सकाळी चालतो. वरळी सी फेसला गेलात तर लाटांच्या वर आवाज काढायला जाऊ नका, ओरडून घसा बसतो.

तिसरी पायरी: 'च' काढा, वजन ठेवा

हा सराव माझा सगळ्यात आवडता. "मी उद्या दादरला जाणार आहे" हे वाक्य घ्या. आधी 'च' लावून बोला: मीच उद्या दादरला, मी उद्याच दादरला, मी उद्या दादरलाच, आणि शेवटी जाणारच. 'च' आला की आवाज आपोआप त्या शब्दावर टेकतो. आता 'च' काढून टाका आणि तो जोर मात्र तिथेच राहू द्या. घरातल्या कोणाला तरी तुमच्याकडे पाठ करून बसवा आणि 'च' कुठे होता ते ओळखायला सांगा.

आमच्या गटातली एक मुलगी बँकेच्या काउंटरवर काम करते. पहिल्या सहा-सात वेळा तिचा 'च' कोणाला सापडेना. ती दर वेळी जास्त जोरात बोलत होती. मग तिने जोर सोडला, "दादरला"च्या आधी किंचित थांबली आणि "दा" जरासा लांबवला. पाठमोरा बसलेला मुलगा लगेच म्हणाला, "दादरलाच!" ती खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला लागली. थांबणं, स्वर लांबवणं आणि किंचित चढवणं, या तिन्हींनी शब्दाला वजन येतं. मोठ्याने बोलायची फारशी गरजच पडत नाही.

चौथी पायरी: वेग

भरताच्या नाट्यशास्त्रात पाठ्याचे, म्हणजे नाटकातले संवाद म्हणण्याचे, सहा अलंकार सांगितले आहेत: उच्च, दीप्त, मंद्र, नीच, द्रुत, विलंबित. त्यातले शेवटचे दोन नुसते वेगाचे आहेत, आणि आपण मुंबईकर नेमके तिथेच कमी पडतो. सगळं एकाच घाईत सांगून मोकळे होतो. महत्त्वाच्या शब्दाआधी मनात "एक" म्हणण्याइतकं थांबा. सुरुवातीला ते थांबणं फार लांब वाटेल, पण ऐकणाऱ्याला तसं वाटत नाही.

जोडीला एक छोटा खेळ: "बरं" हा एकच शब्द होकार, संशय, धमकी आणि सुटकेचा निःश्वास म्हणून बोलून बघा.

पाचवी पायरी: रोजच्या बोलण्यात आणा

रोज एकच संभाषण निवडा. लहान मुलाला गोष्ट सांगणं सर्वात सोपं. ऑनलाइन मीटिंगमध्ये उभं राहून आणि हात मोकळे ठेवून बोला, हात हलले की आवाजही हलतो. प्रत्येक शब्द मात्र उचलू नका, बोलणं निवेदकासारखं बनावट वाटायला लागतं. एका वाक्यात एक शब्द निवडा.

कधी कधी प्रश्न सवयीचा नसतो. बोलणं अलीकडेच सपाट आणि हळू झालं असेल, सोबत हालचाली मंदावल्या असतील किंवा अक्षर बारीक होत असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा, पार्किन्सन्समध्ये असं होतं. नैराश्यातही आवाज सपाट होतो. घोगरेपणा तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. बोलण्याच्या आणि ऐकण्याच्या अडचणींसाठी वांद्र्याला 1983 पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

महिन्याने तोच घर ते कामाचा प्रवास पुन्हा सांगून रेकॉर्ड करा. आधी जुनं रेकॉर्डिंग लावा, लगेच नवं. "निघालो", "पकडली", "उतरलो" हे तीन शब्द आता किती वेगवेगळे ऐकू येतात ते बघा, आणि जो अजून खालीच राहिला असेल तिथून पुढचा महिना सुरू करा.